राखून ठेवलेली फळी

दिवा गावाच्या खाडीकाठी राघो सुतार पडाव बांधायचा. पडाव म्हणजे मीठ, पेंढा, कौलं वाहणारी रुंद पोटाची होडी. पडाव बांधून झाला की राघो त्याच्यामागे एक फळी राखून ठेवायचा. ज्या ओंडक्यातून पडावाचा तळ कापला त्याच ओंडक्यातली, तासून, रंधा मारून तयार केलेली. पडाव घेणाऱ्याला त्याचा शब्द असे: दोन पावसाळे तळ माझा. तेवढ्यात फळी उकलली, कुजली, तर घेऊन ये. बदलून देईन, सुपारीचं खांडसुद्धा घेणार नाही. दोन पावसाळे सुखरूप गेले की ती फळी राघोची व्हायची आणि पुढच्या पडावाला लागायची. तोवर ती छपराखाली टांगलेली असे, आणि तिच्यावर पडावाच्या मालकाची खूण कोरलेली असे. कुणाचा मासा, कुणाचं त्रिशूळ, कुणाचा विळा.

बाकीचे सुतारही शब्द द्यायचे. शब्द द्यायला काय, तोंड पुरतं. राघोच्या शब्दामागे लाकूड होतं, आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. त्याची बायको आवडाबाई त्यावरून त्याला टोचायची. तिच्या घराला कुडाचं दार होतं आणि पावसाळ्यात त्यातून कुत्रं आत यायचं.

"लोकांच्या होड्यांना सागाच्या फळ्या," ती म्हणायची, "आन आमी कुत्र्याला धरून निजतो."

"त्या माज्या न्हाईत," राघो म्हणायचा. विषय तिथेच संपायचा.

छप्पर उभं होतं ती जागाही त्याची नव्हती. नौपाड्यात राहणाऱ्या एका मालकाची ती खार जमीन, राघोकडे पट्ट्याने आलेली. खाडी अडवायला मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या आत आठ-दहा घरांची भातशेती, आणि बाहेरच्या अंगाला उंचवट्यावर राघोचं छप्पर. पट्ट्याची अट ऐकायला साधी होती. जागा वापर, पण पट्टा सरेल तेव्हा बांध जसा घेतलास तसा दाखव. बांध धड असला तर पट्टा पुढे चालेल, नसला तर हत्यारं उचल आणि चालू लाग. राघोने त्याचीही तजवीज केली होती. दर हिवाळ्यात तो मुंब्र्याच्या डोंगराखालून दगड आणायचा आणि छपराशेजारी रचून ठेवायचा. बांधाला चीरसुद्धा नसताना हे कशाला, असं लोक विचारायचे.

"बांध रोज थोडा थोडा जातोय," तो सांगायचा. "दिसत नाय म्हणून जात नाय असं हाय का? शेवटच्या दिवशी एवढं दगड मी कुठनं आणू?"

तर असा हा गृहस्थ. टांगलेलं लाकूड दुसऱ्यांचं, रचलेले दगड जमिनीचे, आणि स्वतःचं म्हणावं तर एक करवत, लाकूड तासायचा एक वाकस आणि ताठ मान.

आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती. आधी लोक गंमत म्हणून रुळांकडे बघायला जायचे. मग हळूहळू कौलं गाडीने जायला लागली, पेंढा गाडीने जायला लागला, आणि खाडीतले पडाव चिखलात आडवे व्हायला लागले. राघोकडे नवं काम येईना. त्याने बांधलेला शेवटचा पडाव पंढरीचा. पंढरी हा भांडुपच्या बाजूच्या मिठागरांतून कल्याणला मीठ पोचवणारा आगरी. बायकोची पुतळ्यांची माळ मोडून त्याने तो पडाव घेतला होता. त्यानंतर राघोच्या छपराखाली नुसत्या फळ्या लोंबत राहिल्या. कल्याणचा एक लाकूडवाला दोनदा येऊन मागून गेला. घरात तेव्हा एक वेळची पेज होती. राघोने त्याला फळ्यांना हातसुद्धा लावू दिला नाही.

दगडांकडे मात्र त्याचा कानाडोळा झाला. पोटाच्या मागे पळता पळता दोन हिवाळे दगड आणायचे राहून गेले. बांध तर बरा दिसत होता. इतरांना जे इतकी वर्षं तो समजावत आला, ते तो स्वतःच विसरला.

पट्ट्याचं शेवटचं वर्ष चालू होतं. श्रावणातल्या अवसेला उधाण आलं आणि दिवस मावळायच्या सुमाराला बांधाला राघोच्या छपरासमोरच भगदाड पडलं. गावातले बापे, बायका, सगळे धावले. आत भात पोटरीला आलेलं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तीन-तीन वर्षं तिथे गवत उगवत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. राघोचे दगड पडले आणि हां हां म्हणता संपले. माती टाकावी तर पाणी ती डोळ्यांदेखत घेऊन जाई. माती अडवायला काहीतरी उभं हवं होतं.

राघो छपराखाली गेला आणि फळ्या उतरवायला लागला. मासा गेला, त्रिशूळ गेलं. त्या पडावांची मुदत तशी सरत आली होती. शेवटी पंढरीचा विळा राहिला.

आवडाबाई आडवी आली. "पंढरीची नको. त्याचा हा पयलाच पावसाळा चाललाय."

"पाणी उतरलं की काढीन आन परत टांगीन. कोनला कलनार नाय."

ती बाजूला झाली नाही. त्याला तिच्या अंगावरून फळी न्यावी लागली. विळ्याची फळी भगदाडात उभी ठोकली, मागे माती दाबली, आणि बांध टिकला. गावाने राघोला डोक्यावर घेतलं. तो हसला नाही.

भाद्रपदात मालकाचे कारभारी नारोपंत पाहणीला आले. छत्री, उपरणं, चिखल लागू नये म्हणून हातात धरलेले जोडे. बांध पाहून खूश झाले.

"वा, राघो, उत्तम काम केलंस. दिवाळीनंतर पट्टा पुढे चालवायला मालकांची हरकत नसावी."

"फळ्या तेवढ्या काढून घेतो, पंत. तिथे दगड भरतो."

"फळ्या?" नारोपंतांनी जोडे दुसऱ्या हातात घेतले. "अरे, बांधात गेलं ते बांधाचं. उद्या कुणी म्हणेल माझी माती दे, म्हणून मी माती द्यायची का? दिवाळीपर्यंत त्याला हात लावू नकोस."

त्यांचंही बोलणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. पण जे खोटं नाही ते स्वतःच्या अंगाला लावून न घेता बोलता येतं, आणि नारोपंतांना ती हातोटी होती.

नवरात्राच्या आधी पंढरी आला. पडाव त्याने दोरीने ओढत आणला होता. तळाची एक फळी लांबीभर उकलली होती आणि आत घोटाभर पाणी होतं. पंढरी निर्धास्त होता. दसऱ्याला मीठ भरायचं होतं, तोवर राघो काम उरकेल याची त्याला खात्री. त्याने छपराखाली पाहिलं. तिथे नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या.

"माजी कुठं हाय?"

राघोने बोट केलं. बांधातून चार बोटं वर आलेली फळी, तिच्यावर विळा. पंढरी जवळ जाऊन त्या खुणेवरून अंगठा फिरवत उभा राहिला.

"बांध ऱ्हायला ना?" त्याने विचारलं.

"ऱ्हायला."

"मग बरं झालं," पंढरी म्हणाला, आणि पडावातलं पाणी उपसायला बसला. दसऱ्याला पडाव नाही गेला तर मीठ दुसरा उचलणार, हे दोघांनाही माहीत होतं. पंढरीने शिवी दिली असती तर राघो कदाचित वाचला असता.

दुसरं लाकूड आणायला घरात काही नव्हतं. राघोने दोन दिवस विचार केला. भांगाचे दिवस होते, म्हणजे भरतीला जोर नसतो. ओहोटीत फळी काढायची, लगेच दगड-माती भरायची. नारोपंतांना कळायच्या आत बांध पुन्हा धड. दोन्ही शब्द राहतील असं त्याने मनाशी जुळवलं. आवडाबाईने टोपलीने दगड वाहिले, पंढरीने पहार घातली, आणि फळी चिखलातून सुटून वर आली.

राघोने ती पडावाच्या तळाला लावून पाहिली. एक टोक बसलं, दुसरं वीतभर वर राहिलं. इतके दिवस एका अंगाने खाडी आणि दुसऱ्या अंगाने माती सोसून तिला बाक आला होता. त्याने ती उलटी लावली. गुडघा रोवून दाबली, वर दगड ठेवला, पंढरीला उभं केलं. फळी पडावाच्या उपयोगाची राहिली नव्हती. तो तिच्याशी झटत असतानाच मागे बांधातली ओली माती खचली. आवडाबाईने हाक मारली तेव्हा भरतीची पहिली धार शेतात उतरत होती. जोर नसलेली भरतीच ती, पण भगदाडाला तेवढी पुरली.

भात गेलं. ज्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं ते त्याच्या दारावरून तोंड फिरवून जायला लागले. दिवाळीनंतर पट्टा गेला. पंढरीने पडाव जळणाच्या भावात फुंकला आणि मिठागरावर मजुरीला लागला. मरेपर्यंत त्याने राघोला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. राघोच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी शिक्षा ती हीच होती.

पुढे राघो कल्याणला एका ठेकेदाराच्या लाकूडवखारीत रोजाने लागला. रुळांखाली घालायचे लाकडी ठोकळे तासायचे, रचायचे, गाडी आली की भरायचे. ठोकळा कुठे गेला, कधी कुजला, कुणी विचारत नसे. विचारलं तरी ते त्याच्याकडे येत नसे. कसलाही शब्द द्यायचा नव्हता. आवडाबाईला वाटलं होतं, आता तरी याला झोप लागेल.

एकदा सबंध रास भरून झाली आणि मुकादमाला भिंतीकडे एक ठोकळा बाजूला उभा केलेला दिसला. चांगला तासलेला, कडा मारलेला.

"राघो, हा कुणाचा?"

राघो ठोकळ्याकडे पाहत राहिला. आपण तो कधी बाजूला काढला हे त्याला आठवेना. त्याने त्याच्यावर खूण शोधली. खूण नव्हती.

"कोनचा नाय," तो म्हणाला, आणि उचलून गाडीत टाकला.