पश्चिमेची बाजू

मी नागपूरची. आमच्याकडे पश्चिमेची खोली फुकट दिली तरी कोणी घेत नाही. इथे जर्मनीत, हायडेलबर्गमध्ये मात्र घराच्या जाहिरातीत संध्याकाळचं ऊन कौतुकाने छापतात. उन्हाला हपापलेल्या या माणसांनी दक्षिण चीनमधल्या वाढत्या भागातला ऑफिसांचा टॉवर आखायला घेतला, तिथेच सगळं बिघडलं.

काचेच्या भिंतींचं काम आमच्या ऑफिसकडे होतं. रोज सकाळी चीनशी बोलायचं साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. आशियातली माणसं एकमेकांना समजतात, असं त्यांचं म्हणणं. मला चिनीचा एक शब्द येत नाही. पलीकडच्या इंजिनिअर बाईंशी मी इंग्रजीतच बोलायचे. त्यांचं ऑफिस त्याच टॉवरमध्ये, पश्चिमेच्या बाजूला जाणार होतं. काचेबाहेर सावलीच्या पट्ट्या राहतील ना, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारायच्या. राहतील, असा मी शब्द दिला.

आणि साहेबांनी आराखड्यातून पट्ट्या काढून टाकल्या. टॉवर लांबून नितळ दिसला पाहिजे म्हणे. मी उष्णतेचे आकडे दाखवले, भांडले.

"आल्झो," म्हणजे हे बघ, "उजेड कोणाला नको असतो?" ते म्हणाले.

हे बोलताना त्यांच्या स्वतःच्या खिडकीवरचा रोलाडन, ऊन अडवणारा गुंडाळता पडदा, अर्धा खाली ओढलेला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टॉवर उभा राहिला. त्या भागाच्या प्रत्येक जाहिरातीत आता तोच झळकतो, आमच्या ऑफिसच्या दारातही त्याचा हा एवढा मोठा फोटो लागलाय. गेल्या उन्हाळ्यात बाईंनी मला आतला फोटो पाठवला. काचेला पुठ्ठे चिकटवलेले, आणि टेबलांवर रांगेने उघडलेल्या छत्र्या. मी तो साहेबांपुढे धरला. ते हसले. ही तिकडची पद्धत आहे का, असं त्यांनी अगदी कुतूहलाने विचारलं.

"नाही," मी म्हणाले, "तुम्ही पाडलीत ही पद्धत."

ते कॉफी आणायला उठून गेले.

फोटोखाली बाईंचा एकच प्रश्न होता, पट्ट्या आता लावता येतील का. येणार नव्हत्या; त्यांना धरायला लागणारे लोखंडी आधार आम्ही भिंतीत ठेवलेच नव्हते. हे सांगायला साहेब थोडेच येणार होते? मीच कळवलं. बाईंनी उलट माझे आभार मानले, नम्रपणे, एका ओळीत. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.