वहिनीनं घेतलेलं नाव

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाई. बायकोले नाई, देवाले नाई. तुमाले काहून सांगून राहिलो, ते मलेही ठाव नाई — ऐकून घ्या, बस.

माहा मोठा भाऊ देवमन. अकोल्यात, जुन्या शहरात, त्याचं रुईचं दुकान. अमेरिकेत लढाई लागली अन् आपल्या वऱ्हाडच्या रुईले सोन्याचा भाव आला, ते दिवस. लोक रुईत माती घालत, पाणी मारत. देवमन नोता मारत. बांधलेल्या रुईवर 'देवमनची गाठ हाय' म्हणलं की व्यापारी ती फोडूनही पाहत नसत. अन् ती रुई निवडे कोण? त्याची बायको, सुभद्रावहिनी. काडी-कचरा वेचू वेचू बाईची बोटं सोलून निघत. मी? मी गाड्या हाकत होतो अन् भावाच्या नावाचा हेवा करत होतो. हो, हेवाच.

देवमन पटकीनं गेला. एका दिवसात. लेकरू-बाळ नाई. वहिनीजवळ राहिलं काय? ते दुकान अन् ते नाव.

तशातच कचेरीतून हुकूम आला — दुकानाचं नाव वहीत लिहून घ्या, गाठीवर तेच टाका. ज्याचं नाव वहीत, त्याचं दुकान. वहिनी म्हणे, भाऊजी, तुमी चला संगं, त्यायचं नाव मले घेता येत नाई. खरंच होतं ते. नवऱ्याचं नाव बाई घेत नाई. लग्नात उखाण्यात घेतलं असंल तेवढंच.

परगावाहून आलेल्या कारकुनानं दुकानाचं नाव विचारलं. मी — काय सांगू, आताही जीभ अडते — मी म्हणलं, "महादेव." महादेव म्हणजे मी.

वहिनीनं मान वर केली. कारकून म्हणे, बाई, हेच ना? तिचे ओठ हालले, पण नाव काही निघेना. त्यानं लिहून टाकलं. तिच्या तोंडून नाव निघणार नाई, हे मले घरूनच ठाऊक होतं. त्याच्याच भरवशावर तर मी आलतो.

तुमाले वाटंल, एवढंच? एवढंच असतं तर कधीचं सांगितलं असतं.

आमी पायऱ्या उतरलो. वहिनी थबकली. मागं फिरली, पदर ओढून थेट कारकुनासमोर जाऊन उभी राहिली. भर कचेरीत, इतक्या माणसायच्या देखत म्हणली, "देवमन. माह्या नवऱ्याचं नाव देवमन हाय. दुकान त्यायचं हाय." आवाज कापत होता तिचा. पण नाव घेतलं तिनं, दोनदा घेतलं.

कारकुनानं टाक उचलला होता. खोडणारच होता तो. अन् मी काय केलं? मी हसलो.

"मुन्शीजी," म्हणलं, "घरची बाई नवऱ्याचं नाव घेईल का कधी? भाऊ गेल्यापासून डोस्कं फिरलं हाय तिचं."

सारे हसले. कारकुनानं टाक खाली ठेवला. वहिनी माह्याकडे पाहत राहिली, मंग घरी गेली.

त्या दिवसापासून जुनं शहर तिले येडी म्हणू लागलं. मी एकालेही हटकलं नाई. कसा हटकू? मीच तर नाव ठेवलं होतं. तिनं मंग मरेपर्यंत माह्या दुकानात, माह्या नावाची रुई निवडली. देवमनचं नाव बाजारात कोणाले आठवेना. जीव नकोसा होते कधी कधी. पण जीव गेला तरी हे काही फिटणार नाई.

तिले अग्नी मीच दिला. घाटावर लोक म्हणे, दीर असावा तर असा, येड्या भावजयीले जन्मभर पोसलं. मी हात जोडून ऐकून घेतलं.

ती येडी नोती.