एक नंबरची जर्सी

लोवेल स्ट्राउड गेल्याची बातमी कळली तेव्हा गावाला आधी त्याची जर्सी आठवली आणि मग लोवेल. याची मला अजून चीड येते. पण आधीच सांगून ठेवतो, या सगळ्यात मीही काही साव नाही.

आमचं वॉल्नट फोर्क म्हणजे इंडियानाच्या दक्षिणेला मक्याच्या शेतांत बसलेलं अकराशे वस्तीचं गाव. शाळेच्या जिममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानात, मात्र अडीच हजार माणसं बसतात. हसू नका. शुक्रवारी मॅच असली की आसपासच्या वाड्या-वस्त्या रिकाम्या करून लोक यायचे, आणि तरी पन्नासेक जण दारात उभे असायचे. पाद्रीबाबा रविवारी देवाचं नाव घ्यायच्या आधी शुक्रवारचा स्कोअर सांगायचे. अशा गावात लोवेल जन्मला, सहा फूट पाच इंच वाढला आणि त्याला बास्केटबॉल येत होता. मग काय विचारता!

आम्ही दोघं एकाच वर्गात, एकाच टीममध्ये. त्याचं काम बॉल बास्केटमध्ये टाकायचं, माझं तो त्याच्यापर्यंत पोचवायचं. शाळेच्या शेवटच्या वर्षी गावाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. दरवर्षी आमच्या राज्यातला सगळ्यात चांगला शाळकरी खेळाडू निवडतात, त्याला मिस्टर बास्केटबॉल म्हणतात. गावोगावचे कोच आणि पेपरवाले मतं देतात. निवडून येतो त्याला उन्हाळ्यात शेजारच्या केंटकी राज्याच्या टीमविरुद्ध एक नंबरची जर्सी घालून खेळायला मिळतं. हा मान कायम मोठ्या शाळांच्या पोरांना. आमच्यासारख्या गावाला कोण विचारतो? तर यंदा विचारायला लावायचं, असं गावाने ठरवलं. पेपरवाले फक्त आकडे बघतात, तेव्हा लोवेलचे प्रत्येक मॅचला तीस पॉइंट झालेच पाहिजेत. माझ्या बापाच्या सलूनमध्ये आरशाशेजारी पाटी टांगली होती, तिच्यावर खडूने त्याची बेरीज लिहिली जायची. दाढीला येणारं गिऱ्हाईक आधी पाटी बघायचं, मग खुर्चीत बसायचं.

कोच टॉलिव्हरनी आम्हा चौघांना उभं करून सांगितलं की लोवेल कोर्टवर असताना बाकी कुणी बास्केटकडे मान वर करून बघायचंसुद्धा नाही. जानेवारीत एकदा मी मोकळा सापडलो म्हणून बॉल मारला. बास्केटमध्ये पडलासुद्धा. पुढच्या तीन मॅच मी बाकावर बसून काढल्या, आणि घरी बाप आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मी काय समजायचं ते समजलो.

लोवेलला हे मुळीच आवडत नव्हतं. तो कोचना म्हणायचा, यांनाही मारू द्या, माझ्या अंगावर तीन-तीन जण येतात. कोच म्हणायचे, तू गुमान खेळ, गावाचा विचार कर. अठरा वर्षांच्या पोराने गावाचा विचार करायचा! आणि गावाने कुणाचा?

विभागाच्या फायनलला सहा सेकंद उरले होते, आम्ही एका पॉइंटने मागे. लोवेलला तिघांनी घेरलं होतं. त्याने उडी मारली आणि सगळ्यांच्या डोक्यावरून बॉल माझ्याकडे फेकला. मी बास्केटखाली एकटा. आसपास कुणी नाही. तिथून माझ्या आजीनेही बॉल टाकला असता. लोवेल ओरडला, "मार, मर्ल!" आणि मी काय केलं, तर बाकाकडे बघितलं. कोच उभे राहिले होते आणि त्यांचं बोट लोवेलकडे होतं. मी बॉल परत लोवेलकडे दिला. मध्ये कुणाचा तरी हात लागला, बॉल बाहेर गेला आणि भोंगा वाजला. संपलं.

गावात कुणी मला एका शब्दाने बोललं नाही, कारण त्या मॅचलाही लोवेलचे एकतीस झाले होते. तीन आठवड्यांनी निकाल लागला आणि आमचा लोवेल राज्यात पहिला आला. त्याला आगीच्या बंबावर बसवून मिरवला. वेशीवर त्याच्या नावाची पाटी लागली. जूनमध्ये तो एक नंबरची जर्सी घालून खेळला, आणि ती जर्सी काचेच्या चौकटीत शाळेच्या दारात टांगली गेली.

तो विद्यापीठात गेला आणि नाताळाच्या आधी बॅग घेऊन परत आला. का, ते कुणालाच सांगितलं नाही. गावाच्या जिभेला हाड कुठे असतं? तिथे त्याला बॉल आणून द्यायला मर्ल नव्हता, असं लोक म्हणायचे. बापाचं सलून पुढे माझ्याकडे आलं, तिथेही माझ्यासमोर म्हणायचे, आणि मी कात्री चालवत राहायचो. मग लोवेल लोखंड ओतायच्या फाउंड्रीत लागला. चौतीस वर्षं साच्यांच्या वाळूत काढली. बायको मुलीला, डीनाला, घेऊन टेक्ससला निघून गेली. त्याने पुन्हा कधी बॉल हातात धरला नाही, जिमची पायरी चढला नाही. पण दर मार्चला नव्या पोराचं नाव जाहीर झालं की पेपरवाल्याचा फोन यायचा, कसं वाटतं म्हणून. लोवेल दरवर्षी एकच सांगायचा, पोराला शुभेच्छा.

शेवटी वाळूने त्याची फुप्फुसं खाल्ली. नाकात प्राणवायूची नळी घालून घरी पडून असायचा. मी दर मंगळवारी दाढी करायला जायचो, सोबत बीन्सचं सूप न्यायचो. दोन चमचे घ्यायचा, बाकीचं माझ्यावर उपकार केल्यासारखं ढवळत बसायचा. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं.

एका मंगळवारी गालाला साबण लावलेला असताना तो बोलायला लागला. दम लागत होता, थांबून थांबून बोलत होता.

"मर्ल, मी खरंच चांगला होतो, की तुम्ही सगळे मला बॉल देत होतात म्हणून चांगला वाटायचो? मला कधी कळलंच नाही रे. तिकडे गेल्यावर रोज सकाळी उठून हाच विचार यायचा. पाय उचलायचे नाहीत."

मी म्हटलं, तू होतासच चांगला, उगाच काही बोलू नकोस.

"तू तेव्हा मारला असतास ना, पडला नसता तरी चाललं असतं," तो म्हणाला. "आपण पाच जण हरलो असतो. मी एकटा जिंकलो, लेका."

मी वस्तरा टॉवेलला पुसला. चव्वेचाळीस वर्षांत तो पहिल्यांदा या विषयावर बोलला होता, आणि त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग त्याने कपाटातून कागदी पिशवी काढायला लावली. आत निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, इस्त्री केलेला. मी मेलो की हा घाल मला, म्हणाला. चर्चमधून न्या. जिममध्ये नेऊ नका आणि ती जर्सी अंगावर नको. कोच ऐकायचे नाहीत, डीनाला काही माहीत नाही, तेव्हा तूच सांग. मी म्हटलं, सांगतो. त्याने माझा हात धरला आणि पुन्हा वदवून घेतलं. मी पुन्हा शब्द दिला.

फेब्रुवारीत तो गेला. डीना टेक्ससहून आली. लोवेलच्या स्वयंपाकघरात सगळे जमले होते, टेबलावर शेजाऱ्यांनी आणलेलं हॅम आणि ॲपल पाय, कुणी हात लावत नव्हतं. कोच टॉलिव्हर एक्याऐंशीचे, पण आवाज तोच. त्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. जिममध्ये, कोर्टच्या मधोमध शवपेटी ठेवायची. काचेतून जर्सी काढून अंगावर घालायची. राज्याच्या राजधानीतून पेपरवाले येणार होते. गावाने असा माणूस पुन्हा पाहिला नाही, असं ते म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं.

डीनाने माझ्याकडे बघितलं. पिशवी माझ्या काखेतच होती.

"मर्लकाका, बाबा शेवटी तुमच्याशीच बोलायचे. त्यांची काही वेगळी इच्छा होती का?"

आसपास कुणी नाही असं वाटलं मला. काय बोलायचं ते तोंडात तयार होतं, पाठ केलं होतं. आणि मी कोचकडे बघितलं.

"कोच म्हणतात तसं करा," मी म्हणालो.

गावात मेलेल्या माणसाची शेवटची दाढी मीच करतो, बाप करायचा तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी लोवेलची केली. अंत्यविधीवाल्याने जर्सी आणली होती, सोबत कात्रीही. तरुणपणचे कपडे म्हातारपणी बसत नाहीत, मग ते पाठीमागून फाडून घालावे लागतात. कात्री लागलीच नाही. अठराव्या वर्षीची जर्सी त्याला अंगाबरोबर बसली. पिशवीत काय आहे म्हणून अंत्यविधीवाल्याने विचारलं. काही नाही, म्हटलं.

जिम भरलं होतं. दारातसुद्धा माणसं उभी होती. सगळं उरकल्यावर कोच काठी टेकत माझ्याकडे आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू पहिल्यापासून टीमचा माणूस, मर्ल."

मी म्हणालो, "हो, कोच."