मोरीची पिल्लं

ही वही कुणाच्या हाती लागलीच, तर अक्षराबद्दल आणि ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर पेन फारसं धरलं नाही.

मी मासे विकते. त्या सकाळी जाऊबाईंकडून तीन हजार रुपये उसने घेऊन बंदरावर लिलावाला गेले. महिन्यात परत देईन असं कबूल केलं होतं. एक मोरी आली होती, शहरात तिला शार्क म्हणतात. खडपातली, म्हणजे किनाऱ्याजवळच्या खडकांतली, पंखांची टोकं काळी. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्याकडे मोरीचं कालवण करतात, त्यामुळे गिऱ्हाईक नक्की.

मला चारचौघांत दर ओरडता येत नाही, नुसती मान हलवते. लिलाववाल्याने "अडीच हजार?" विचारलं, मी मान हलवली. मग "तीन?" म्हणत त्याने माझ्याकडेच पाहिलं. तो पक्कं करून घेतोय असं वाटून मी पुन्हा हलवली.

"आपल्याच बोलीवर बोली केलंस गो बाय," शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या. मोरी तीन हजारांनाच पडली.

किनाऱ्यावरच कापायला बसले. जठरात माकूल, तारल्या अशी बारकी मासळी आणि एक कुर्ली निघाली. उथळ खडपात फिरणारी मोरी, तिथलंच खाणार. खालची पिशवी उघडली, तर आत चार पिल्लं, हातभर लांब, वळवळणारी. मोरी पिल्लं घालते हे ठाऊक होतं. पण आपल्या पोरांसारखी प्रत्येकाला नाळ असते, हे तेव्हाच पाहिलं.

कोवळ्या मोरीला भाव जास्त मिळतो. चढवलेला दर त्यातून निघाला असता. मी नाळा कापल्या आणि पिल्लं पाटीतून खडपाकडे नेली. तीन लगेच गेली. चौथं उताणं झालं. त्याला हातावर धरून पाण्यात पुढे-मागे हलवत राहिले. बऱ्याच वेळाने शेपटी हलली आणि तेही गेलं.

उरलेल्या मोरीचे बावीसशे आले. ते जाऊबाईंच्या हातावर ठेवले आणि खरं सांगितलं.

"म्हणजे माजे आठशे दर्यात पोवाक सोडलंस?"

"नाळ होती वैनी."

त्यांनी नोटा मोजून कनवटीला लावल्या. मग म्हणाल्या, "बरां. पण पैशे तुझ्याकडनाच घेयन. पिल्लांका इचारूक मी खंय जाव?"

मग मी दुपारी सुकी सुंगटं, म्हणजे वाळवलेली कोळंबी, घेऊन आतल्या गावांत फिरू लागले. कधी पन्नास, कधी वीस देत गेले. महिन्याचे दोन महिने झाले, त्यांनी एकदाही टोकलं नाही. काल शेवटची शंभराची नोट दिली. आता त्यांचं माझ्याकडे काही राहिलं नाही.