झोपलेल्या माणसाची तीन चित्रं

“मॅडम, ये आदमी तीन बार क्यों सो रहा है? कॉपी-पेस्ट हो गया क्या?”

साहेबांनी स्वतःचा फोन टेबलावरून माझ्याकडे सरकवला. स्क्रीनवर माझं कॉमिक होतं. एक माणूस भिंतीकडे तोंड करून झोपलेला. त्याखाली तोच माणूस, तसाच. त्याखाली पुन्हा तोच.

“कॉपी-पेस्टच आहे सर. मुद्दाम केलंय.”

“फिर दो हटा दीजिए. और लास्ट में पुलिसवाले को बड़ा कीजिए. लोगों को डर लगना चाहिए.”

मी वहीत दोन्ही मुद्दे लिहून घेतले. पहिल्यापुढे ‘नाही’ असं लिहिलं.

काम असं होतं. आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाची लोंबी भरू लागली की रानडुकरं बांधीत शिरतात. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून केलेला धानाचा तुकडा. कळप एकदा आत शिरला की सकाळी नुसता चिखल उरतो. म्हणून काही जण बांधीभोवती उघडी तार ओढतात आणि लाइनवरून चोरून तिच्यात करंट सोडतात. डुक्कर मरतं. कधी माणूस मरतो. साहेबांचं कार्यालय वीजपुरवठा पाहणारं. त्यांना यावर कॉमिक हवं होतं. फोनवर पाहता येईल आणि गावागावांच्या ग्रुपवर पाठवता येईल असं.

मी बरीच वर्षं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स केले. आता माहितीची कॉमिक्स करते. कामाचा क्रम ठरलेला आहे आणि तो मी मोडत नाही. आधी स्क्रिप्ट. मग थंबनेल, म्हणजे काडेपेटीएवढी चित्रं, कुठे काय येणार एवढंच पाहायला. मग टॅबलेटवर रफ. मग रफच्या वर नवी लेयर घेऊन इंकिंग, म्हणजे पक्की रेघ. लेयर म्हणजे पारदर्शक कागद समजा. एकावर एक ठेवायचे, नको तो काढून घ्यायचा. मग रंग, मग अक्षरं, आणि शेवटी फाइल फोनच्या मापाची करून द्यायची. फोनवरच्या कॉमिकला पानं नसतात. ती एक लांब पट्टी असते. बोटानं सरकवत खाली खाली जायचं.

रफ झालं की मी थांबते आणि ते घेऊन वाचणाऱ्यांकडे जाते. इंकिंग केल्यावर चित्रावर जीव जडतो. मग कोणी चूक दाखवली की मी वाद घालत बसते. रफला नावं ठेवलेली मला चालतात.

ऑफिसच्या स्क्रिप्टमध्ये बन्सी नावाचा माणूस होता. बन्सी दारू पितो, तार लावतो, शेजारी तिच्यावर पडून मरतो, पोलिस बन्सीला नेतात. मी बन्सीला जाड मिशा आणि तांबारलेले डोळे दिले होते.

दवनीवाड्याच्या पुढच्या एका गावात अंगणवाडीच्या ओट्यावर आम्ही बसलो. तिथल्या सेविका शीलाताई माझ्या ओळखीच्या. इथली सगळी नावं मी बदलली आहेत. शीलाताईंनी पाच-सहा जण जमवले. टॅबलेट हातोहात फिरला.

“याले मी पाहिलं हाये,” एक म्हातारे म्हणाले. “मंडईच्या जत्रेत, नाटकात. हिरोइनीच्या बापाले मारते हा.”

“आमच्या गावात असा एकही नाही,” दुसरा तंबाखू मळत म्हणाला. त्याचं नाव मनोहर.

“तार लावणारे आहेत का?” मी विचारलं.

“लावते कोणी कोणी.”

“कोण?”

“काऊन, तुमी पोलिसाइच्या का?”

सगळे हसले. मीही हसले आणि नोंद केली: बन्सी फेल. इतकं मोकळं हसू येतं ते दुसऱ्या कोणावर. बन्सीकडे पाहून ओट्यावरच्या कोणालाच तो आपण असू असं वाटलं नव्हतं.

टॅबलेट शेवटी रेवताबाईंकडे गेला. माझ्याच वयाच्या असतील. भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पट्टी शेवटपर्यंत खाली नेली. मग बोट उलटं फिरवून वर आणली. पुन्हा खाली. पुन्हा वर. मला वाटलं, त्यांना जमत नाहीये.

“असं खाली जायचं, बाई.”

“मालूम हाये,” त्या म्हणाल्या. “वर नेलं तं तो पडलेला उठते.”

मनोहरचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. मग कोणाला बैल आठवले, कोणाला दुकान. ओट्यावर आम्ही तिघीच उरलो.

“गेल्या साली माझा पोरगा गेला तारेवर,” रेवताबाई म्हणाल्या. “मोठा. अन् तार त्याच्या बापानंच लावली होती.”

 मी कामाचं विचारलं. “या चित्रांत काय चुकलंय?”

“दारू. तो पेतच नाही. पोरासंगं जेवला अन् झोपला. अंधार हाये तवरच उठून तार काढाची होती. रोजच काढे. त्या दिवशी डोळा लागला.”

“मुलाला तार माहीत नव्हती?”

“मालूम होती ना. पाणी पाहाले गेला पहाटे. त्याले वाटलं, बाबानं काढली असन.”

त्यांचे यजमान दयाराम जामिनावर सुटून आले होते. केस चालू होती. घराबाहेर पाय ठेवत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. गावातलंही कोणी त्यांच्या दारात जात नव्हतं.

“मग आता पाणी पाहायला कोण जातं?”

“पोरगी जाते. लोक आमच्याशी बोलणं सोडून राहिले, तारा लावणं नाही सोडून राहिले. आज कोणाच्या धुऱ्यावर हाये, उद्या कोणाच्या, तिले कसं समजीन?” त्या टॅबलेटकडे पाहत होत्या. “हे सगळ्याइच्या फोनवर आलं तं तारा काढतीन का?”

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

“मंग त्या मिशावाल्याले काढून टाका. माणूस झोपला होता, ते दाखवा.”

मी त्यांना सांगितलं की नाव येणार नाही, चेहरा येणार नाही, घर ओळखू येणार नाही. त्यांनी मान हलवली. दयारामना विचारायला हवं, असंही मी म्हणाले. त्या उठून घरी गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या. “हो म्हणते,” एवढंच सांगितलं.

घरी येऊन मी बन्सीच्या सगळ्या लेयर डिलीट केल्या. नव्या माणसाला चेहराच दिला नाही. तो प्रत्येक चित्रात पाठमोरा. तार लाइनला कशी जोडतात तेही काढलं नाही. पाहून कोणी शिकायला नको. माणूस तार ओढून घरी येतो, मुलाशेजारी बसून जेवतो, झोपतो.

झोपेचं चित्र मी एकदाच काढलं आणि त्याच्या दोन कॉपी केल्या. माणसाची लेयर तिन्हीकडे तीच. बदलली फक्त मागची, आणि तिथे रफमध्येच रंग भरला. पहिल्या चित्रात खिडकी काळी, दुसऱ्यात निळसर, तिसऱ्यात राखाडी. तिसऱ्या चित्रात शेजारचं अंथरूण रिकामं, गोधडी बाजूला सारलेली. शब्द एकही नाही. त्याखाली बांधी. मुलगा दाखवला नाही. धुऱ्यावर पडलेला टॉर्च दाखवला, उजेड झाला तरी जळत असलेला. त्याखाली पोलिस, छोट्या आकारात. मग बोटभर कोरी जागा आणि शेवटी एक ओळ: आता परत वर जा.

हे घेऊन मी साहेबांसमोर बसले होते.

“सर, तिसरं झोपेचं चित्र पुन्हा एकदा बघा.”

त्यांनी फोन जवळ घेतला. “खिड़की का कलर चेंज है.” मग बोटांनी चित्र मोठं करून, “बाजू का बिस्तर खाली है.”

“हो.”

“लड़का था न उधर?” त्यांनी अंगठ्यानं पट्टी मागे नेली. दुसऱ्या चित्रात मुलगा होता. त्याच्या वर, पहिल्यातही होता. त्याच्या वर दोघं जेवत होते. साहेब तिथे थोडा वेळ थांबले. मग त्यांनी फोन खाली ठेवला.

“लोग वापस ऊपर नहीं जाते मॅडम. फॉरवर्ड करते हैं.”

“तुम्ही आत्ताच गेलात.”

त्यांनी चहा मागवला. “ऊपरवाले पूछेंगे, चेहरा क्यों नहीं है. बोलेंगे काम अधूरा है.”

“माझ्याकडे पाठवा त्यांना.”

“ठीक है. सोने दो उसको तीन बार. लेकिन पुलिसवाला बड़ा चाहिए.”

“करते.”

पोलिस मी मोठा केला. त्याच्यात मन घातलं नाही, पण रेघ स्वच्छ मारली. इंकिंग, रंग, शेवटची ओळ, एक्सपोर्ट. लोंबी भरायच्या आत फाइल ग्रुपवर गेली. अंगठे आले, हात जोडलेले आले. एका ग्रुपवर कोणीतरी त्याखालीच लग्नाची पत्रिका टाकली.

त्याच हंगामात तिरोड्याकडच्या एका गावात एक बाई तारेवर गेली. साहेबांचा फोन आला. “उस गांव के ग्रुप में भी गया था अपना कॉमिक,” ते म्हणाले. 

कापणीच्या सुमारास मी रेवताबाईंना फोन केला. मुलगी बरी आहे का, हे आधी विचारलं. बरी होती.

“तारा काढल्या का लोकांनी?”

“नाही. पण आता सांगून जातेत. दिवस बुडाला की येतेत. आज आमच्या धुऱ्यावरून पोरीले नको धाडू म्हणतेत. दारातूनच. बसत नाही, चहा नाही घेत.”

मी वही उघडली होती. 

“काल तो मनोहर आला,” त्या म्हणाल्या. “तंबाखूवाला. त्याच्याशी पोरीचा बाप बोलला.”

“काय बोलले?”

“पहाटे डोळा लागते म्हणे. एवढंच.”

“मग?”

“त्या रात्री त्यानं नाही लावली तार. आजचं मालूम नाही.”

या कामानंतर माझ्या क्रमात एक गोष्ट वाढली. रफ दाखवायला नेलं की लोक काय बोलतात ते लिहून घ्यायचंच. पण टॅबलेट कोणाच्या हातून लवकर सुटत नाही, हेही पाहायचं. ऑफिसला शेवटी आकडा लागतो, किती जणांनी पाहिलं त्याचा. तो बराच मोठा निघाला आणि साहेबांनी तो वर पाठवला. माझ्या वहीत एवढंच आहे: एक माणूस, एक रात्र.