मामेसासऱ्यांची तंद्री

तंद्री लागली की टेबल टेनिसमध्ये माझ्या मामेसासऱ्यांना हरवणारा माणूस अख्ख्या इंदुरात जन्मला नाही, आणि तंद्री लागली नाही तर त्यांना न हरवणाराही जन्मला नाही. ही तंद्री भारी नखरेल होती. तिच्यासाठी मामा सामन्याच्या सकाळी नुसते पोहे खात, जलेबीला शिवत नसत. गोडाने हात जड होतो म्हणे. मोजे उलटे घालत. आणि खेळताना कुणी नुसतं "वा" म्हटलं तरी सगळं मुसळ केरात. एकदा त्यांच्या बँकेतल्या साहेबांनी कौतुकाने टाळी वाजवली, तर मामांनी रॅकेट खाली ठेवून हात जोडले. "साहेब, आपण बाहेर जाऊन वाजवा." बदली थोडक्यात टळली.

पण एकदा लागली की मामा कुणाचे नसत. एक फायनल जिंकल्यावरही ते सर्व्हिस करतच राहिले. समोरचा खेळाडू पाणी पिऊन आला आणि म्हणाला, "भिया, मॅच कधीची खत्म झाली. आता घरी जाऊ द्या." मामांनी अदबीने विचारलं, "कोण जिंकलं?"

ओळखीचा चेहरा दिसला की ध्यान भटकतं, म्हणून मामींना हॉलमध्ये यायची मनाई होती. लग्नापासून मामी प्रत्येक सामन्याला गेल्या आणि गेटबाहेर स्कूटरवर बसून विणत राहिल्या. खिडकीतून तरी डोकवा, असं मी एकदा सुचवलं. "नको हो जावईबापू," त्या म्हणाल्या, "हरले तर माझ्या माथी येईल."

गेल्या वर्षी मामांचे गुडघे गेले आणि डॉक्टरांनी खेळ बंद केला. परवा आम्ही राजेंद्र नगरला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वाढता वाढता मामींनी सहज विचारलं, "आता तरी सांगा, कसे खेळत होता हो तुम्ही?"

मामांचा घास हातातच राहिला. "मला कुठे मालूम? मला त्यातलं कधी काही याद राहिलंच नाही."

मला फार वाईट वाटलं. आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर वेळी हा माणूस स्वतः हजर नव्हता, आणि जिने ते सगळं जन्मभर जपून ठेवलं असतं तिला त्याने गेटबाहेर बसवलं होतं. मामांनाही ते तेव्हाच कळलं असावं.

जेवणं झाल्यावर त्यांनी कपाटातून दोन रॅकेट काढल्या, डायनिंग टेबलाच्या मध्यावर नेट म्हणून लोणच्याच्या बरण्या मांडल्या आणि मला पलीकडे उभं केलं. मामींना खुर्ची दिली. "बघ आता," म्हणाले. मी अगदी सोपे चेंडू देत होतो, तरी त्यांचे हुकत होते. दर फटक्याला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून मामींकडे बघायचे. मामी मात्र प्रत्येक चेंडूला, हुकलेल्यालाही, टाळ्या वाजवत होत्या.

शेवटी चेंडू फ्रिजखाली गेला. मामांनी रॅकेट टेबलावर ठेवली.

"असं नव्हतं ग," ते म्हणाले. "खूप चांगलं होतं म्हणतात."