हिरवी टिकली

माझ्या वाचण्याचं मला फार कौतुक. खोटं कशाला बोलू? गोष्टीचा तास आला की मी सतरंजीच्या टोकाला मांडी घालून बसायची, चष्मा नाकावर ओढायची आणि असा आवाज लावायची की पलीकडच्या वर्गातली पहिली-दुसरीची पोरं खिडकीला येऊन लटकायची. राजुरीच्या अलीकडच्या एका वस्तीवरची आमची दोन शिक्षकांची शाळा. एका बाजूला द्राक्षबाग, दुसऱ्या बाजूला ऊस. दुसरे गुरुजी माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ते म्हणायचे, "बाई, तुम्ही वाचायला लागलात की माझा वर्ग बंदच पडतो." मी तोंडदेखलं "काहीतरीच तुमचं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी आवाज आणखी एक पट्टी चढवायची.

गोष्ट चालू असताना कुणी मध्ये बोललेलं मात्र मला खपत नसे. अजूनही खपत नाही. लय तुटली की माझं डोकं फिरतं.

सगळ्यात जास्त मागणी होती ती चष्मा आणायला निघालेल्या शेळीच्या गोष्टीला. मोठ्या अक्षरांचं, दोन हातांनी धरावं लागेल असं पुस्तक. शेळीला दिसतं कमी. ती दोरीला साप म्हणते आणि सापाला दोरी. शेवटी गळ्यातली घंटा देऊन चष्मा घ्यायचा म्हणून ती एकटीच बाजाराला निघते. वाटेत भेटेल तो तिला अडवतो आणि ती म्हणते, "सरका बाजूला, दिसत नसलं तरी मी चालले!" हे वाक्य आलं की अख्खा वर्ग माझ्याआधी ओरडायचा. कितीदा वाचली असेल ती गोष्ट, देव जाणे.

ती मुलगी तिसरीत मध्येच आली. आईवडील घाटघरचे, आमच्याकडच्या बागेत कामाला आलेले आणि बागेतल्याच खोलीत राहिलेले. अंगानं बारीक, तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. पण गोष्टीच्या तासाला ती बरोबर माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. तिची नजर माझ्या तोंडावरून पानावर आणि पानावरून तोंडावर सारखी फिरत असायची. मला वाटायचं, काय गोडी आहे पोरीला वाचनाची.

आमच्याकडे जोडीवाचन असतं. एक वाचणारं मूल आणि एक अडखळणारं, दोघांत एक पुस्तक, दोघांची बोटं एकाच ओळीखाली. हिला मी वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीजवळ बसवलं. दोघी मोठ्यानं वाचायच्या. आधी ही अर्धा श्वास मागं असायची, मग पाव श्वास, आणि दोन महिन्यांत दोघींचा आवाज असा जुळला की डोळे मिटले तर एकच मुलगी वाचतेय असं वाटावं. मी खूश. गुरुजींना बोलावून ऐकवलं. तिला एकटीला जवळ घेऊन मात्र मी एकदाही वाचायला लावलं नाही. कारण गरजच वाटली नाही. येत होतं ना तिला!

भिंतीवर आमचा वाचनाचा तक्ता होता. प्रत्येक मुलाच्या नावापुढे टिकली. अक्षरं ओळखतो त्याला लाल, शब्द वाचतो त्याला पिवळी, आणि अख्खी गोष्ट वाचतो त्याला हिरवी. टिकल्या माझ्याच पाकिटातल्या, कपाळाला लावायच्या. तपासणीचे साहेब भेटीला येणार होते त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या शाळांचे तक्ते शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायचा निरोप आला. चार वाजेपर्यंत एकेका शाळेचे फोटो येऊन पडायला लागले. जिकडं बघावं तिकडं हिरवंगार. आमच्या तक्त्यावर चार टिकल्या पिवळ्या होत्या. मी थोडा वेळ बघत राहिले. मग तिघांच्या नावापुढे हिरव्या लावल्या, उद्या-परवा येईलच त्यांना, अशी स्वतःची समजूत घालून. चौथी टिकली तिची होती. ती लावताना तर समजूतही घालावी लागली नाही. फोटो काढला, पाठवला, सोबत जोडलेल्या हातांचं चित्र.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सोबत शाळा समितीचे दोघंतिघं. हुशार मुलगी नेमकी कुणाच्या तरी लग्नाला गेलेली. मी हिला एकटीला पुढं उभं केलं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. बागेत काम करणाऱ्यांची पोर, सहा महिन्यांपूर्वी आलेली, आणि बघा कशी वाचते! यात कौतुक तिचं कमी नि माझंच जास्त होतं, हे तेव्हाही मला कळत होतं.

तिनं पुस्तक घेतलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरू केलं. माझाच आवाज, माझाच चढउतार, शेळीच्या वाक्याला मानेचा झटकासुद्धा माझाच. साहेब मान डोलवायला लागले.

मग तिनं पान उलटलं. तिथं एक पान नव्हतं. नदीचं पान. शेळी नदीला उतार विचारते ते. दोन आठवड्यांपूर्वी ते फाटून सुटलं होतं आणि चिकटवू म्हणून मी कपाटात ठेवलं होतं. तिच्यासमोर आता कुंभाराचं पान होतं. कुंभार, त्याचं गाढव, मडक्यांची उतरंड. त्या पानावरच्या ओळींखालून तिचं बोट सावकाश सरकत होतं आणि तोंडानं ती नदीचं पान वाचत होती. एक शब्द न चुकता. नदी काय म्हणाली, शेळी काय म्हणाली, पाणी घोट्याला कसं लागलं. ते संपल्यावर तिनं क्षणभर थांबून, उलटायला पान नाही म्हणून नुसताच हात हलवला, आणि त्याच कुंभारावर पुन्हा बोट ठेवून कुंभाराचं पान सुरू केलं.

त्यापुढचं तिचं मला काही ऐकूच आलं नाही. साहेब फोटोसाठी मोबाईल आडवा-उभा करत होते. समितीच्या माणसांच्या बाजूला पुस्तकाची पाठ होती. बघणारी मी एकटी.

गोष्ट संपली. टाळ्या वाजल्या. सगळ्यात आधी मी वाजवल्या.

साहेब म्हणाले, "बाई, हिला काहीतरी बक्षीस द्या." हाताशी दुसरं काही नव्हतं. मी तेच पुस्तक तिला देऊन टाकलं, एक पान कमी असलेलं. तिनं ते छातीशी असं धरलं की मला तिच्याकडे बघवेना.

तेव्हाच सगळं निस्तरता आलं असतं. साहेब गेल्यावर तिला जवळ घ्यायचं, अक्षरांपासून सुरुवात करायची. महिनाभरात आलं असतं वाचायला, एवढी तल्लख पोर. मी ठरवलंही. पण तिला अक्षरं शिकवायची म्हणजे वर्गासमोर शिकवावी लागणार, आणि ज्या पोरीचा फोटो ग्रुपवर शाबासकीसह फिरला तिला 'क' गिरवताना कुणी पाहिलं तर? म्हणून शाळा सुटल्यावर बसू म्हटलं. शाळा सुटल्यावर तिला लहान बहिणीला सांभाळायला खोलीवर जायचं असे. मग परीक्षा आल्या, मग सर्वेक्षणाचं काम आलं. "उद्या बसू हं आपण," असं मी तिला दोन-तीनदा म्हणालेही. ती मान हलवायची.

आमच्या घरातल्या कुणाच्या हातून हे घडावं, याची मला जास्त लाज वाटते. आम्ही वारूळवाडीचे, बौद्ध. वाचता येणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. माझे वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून नारायणगावच्या बाजारातून न्यायचे आणि प्रत्येक दुकानाच्या पाटीपुढे सायकल थांबवायचे. पाटी वाचली की सायकल पुढं. नाही आली तर तिथंच उभे, मागून ट्रॅक्टर हॉर्न देत असला तरी. "अंदाजानं नाय सांगायचं," ते म्हणायचे, "अक्षर बघून सांग." लोक हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या माणसाची मी मुलगी.

मे महिन्यात तिच्या आजीचा पाय मोडला आणि ते कुटुंब घाटघरला परत गेलं. दाखला न्यायला आई आली. सोबत द्यायच्या प्रगतीच्या कागदावर वाचनाच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. तक्त्यात एक आणि कागदावर एक कसं चालेल? मी लिहिलं, 'गोष्ट वाचते.' खाली सही केली. मनाशी म्हटलं, एवढं होतं तर तिनं विचारायचं नव्हतं का मला? एकदा तरी म्हणायचं होतं, बाई, मला येत नाही. या एका वाक्यावर मी दीड वर्ष काढलं. तिनं विचारलंच नाही, तर मी काय करू?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नणंदेकडची मंडळी नाणेघाट बघायला निघाली, मलाही ओढलं. माझे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांना पुढं धाडून मी घाटघरात एका घराच्या ओट्याला टेकले. पाच मिनिटांत हाक आली.

"बाई! तुमीच ना ओ?"

तिची आई. डोक्यावर गवताचा भारा. तो तिनं तिथंच टाकला, माझा हात धरला आणि मला घरी घेऊन गेली. वाटभर बोलत होती. "तुमच्या हाताखाली शिकली म्हून बरं झालं बघा. लई वाचती. वाडीतली सगळी बारकी पोरं गोळा करून त्यांना वाचून दावती. हितले गुरुजी म्हणत्यात, हिच्या कागदावर समदं चांगलंय, पर वर्गात उठवली की त्वांडच उघडत न्हाई. लाजती जरा."

 तो कागद माझा होता. त्या कागदाच्या भरवशावर तिथंही तिला कुणी अक्षरं दाखवली नव्हती. लाजाळू म्हणून सोडून दिलं होतं.

पडवीत पाच-सहा पोरं बसलेली. मधोमध ती, उंच झालेली, मांडीवर तेच पुस्तक. कडा मऊ पडलेल्या, पाठीला चिकटपट्टी. मला बघून ती उठली, पाया पडली. आई म्हणाली, "वाच की बाईंना. मी च्या टाकते."

तिनं सुरू केलं. तोच आवाज, माझा. माझ्या त्या आवाजाची मला तिथं बसून किळस आली. बोट ओळींखालून चाललेलं. नदीचं पान नसतानाही नदी आली. मग कुंभार आला. पोरं अगदी गप्प, कुणी हललं नाही, कुणी बोललं नाही. आणि कुंभाराच्या बोलण्याच्या मध्येच ती भुवया आवळून, माझ्या शुद्ध पुस्तकी बोलीत म्हणाली,

"बोट काढ गं तिथून. मध्येमध्ये विचारलं की गोष्ट मोडते."

आणि ती सगळी पोरं तिच्याबरोबर एका सुरात म्हणाली, "बोट काढ गं तिथून! मध्येमध्ये विचारलं की गोष्ट मोडते!" शेळीच्या वाक्याला माझा वर्ग ओरडायचा तशीच. आणि गोष्ट पुढं चालू झाली.

मला आठवलं. गुडघ्याला लागलेला तिचा गुडघा, कुंभाराच्या पानावर आलेलं बारकं बोट, "बाई, ह्ये कंचं अक्षर?" तिनं विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं.

गोष्ट संपल्यावर म्हणाले, "बाळा, ते बोट काढायचं... ते पुस्तकात नाही."

ती गोंधळली. कुंभाराचं पान काढून तिनं ते वरून खालपर्यंत बघितलं. मग मागचं, मग पुढचं.

"मग कंच्या पानावर हाय, बाई?"

आई चहा घेऊन दारात उभी होती. हातातली कपबशी तशीच. तिनं मुलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "म्हंजी... हिला वाचाया येत न्हाई?"

पोरं बघत होती. 'येतं की, लाजते जरा,' हे तोंडाशी आलेलं सोपं वाक्य मी गिळलं.

"नाही," मी म्हणाले. "मी शिकवलंच नाही. मला माहीत होतं, तरी येतं म्हणून लिहून दिलं."

तिनं मला दोन शब्द सुनावायला हवे होते. मी वाट बघत होते. तिनं कपबशी माझ्यापुढं ठेवली आणि आत निघून गेली. भांडी ठेवल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

मी मुलीला जवळ बोलावलं. तिचं बोट धरून कुंभाराच्या पानावर पहिल्या अक्षरावर ठेवायला गेले, तर तिनं ते झटकन मागं घेतलं आणि हाताची मूठ करून मांडीत लपवली.